नागपूरहून हैदराबादची थीम पार्क सहल: आधी तारीख, मग तिकीट, मग खोली

नागपूरची बरीच कुटुंबे थीम पार्कची सहल उलट्या क्रमाने ठरवतात. आधी मोबाइलवर हॉटेलची सवलत दिसते आणि परत न मिळणाऱ्या पैशांत खोली घेतली जाते. मग त्या दिवसांची रेल्वे तिकिटे शोधताना प्रतीक्षा यादी पदरी पडते, ऐनवेळी महागडी गाडी करावी लागते आणि पार्कच्या दारात पोहोचल्यावर कळते की त्या दिवशी तिथल्या शाळांनाही सुटी आहे. यातली प्रत्येक अडचण टाळता येते, मात्र त्यासाठी निर्णयांचा क्रम बदलावा लागतो.

हा लेख हैदराबादच्या दोन ठिकाणांपुरता आहे: वंडरला आणि रामोजी फिल्म सिटी. खोपोलीजवळचे इमॅजिका समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून नागपूरकरांच्या यादीत आले आहे, पण सातशे किलोमीटरचा तो रस्ता आणि पुढचा मुंबईच्या बाजूचा प्रवास लहान मुलांना एका दिवसात झेपत नाही. शिवाय आपल्या मुलांना सुटी असते तेव्हा मुंबई-पुण्याच्या मुलांनाही सुटीच असते, म्हणजे गर्दी ठरलेली. हैदराबादचे तसे नाही. तिथल्या शाळांचे वेळापत्रक वेगळे आहे आणि सगळे नियोजन त्या फरकावर उभे करता येते.

## टप्पा १: कोण जाणार आणि त्यांची उंची किती

या टप्प्याला पाच मिनिटे लागतात आणि नेमका हाच वगळला जातो. वंडरलात बालकांचे तिकीट वयावर नसून उंचीवर ठरते: ८५ सेंटिमीटरपर्यंत प्रवेश मोफत, त्यापुढे १४० सेंटिमीटरपर्यंत बालकांचा दर आणि त्यावर पूर्ण दर. मोठ्या, थरारक राइडमध्ये बसण्यासाठीही साधारणपणे १४० सेंटिमीटर उंची लागते. मुलाला अनवाणी दाराच्या चौकटीला टेकवून उभे करावे, टाचा आणि डोक्याची मागची बाजू चौकटीला लागली आहे हे पाहावे, डोक्यावर एक पुस्तक आडवे ठेवून त्याच्या खालच्या कडेला पेन्सिलची खूण करावी आणि जमिनीपासून टेपने मोजावे. शाळेच्या कार्डावरची उंची गेल्या वर्षीची असते, ती धरू नये.

मूल १३७ सेंटिमीटर भरले, तर बूट घालून कसेबसे बसेल अशी आशा धरू नये. राइडच्या तोंडाशी मापाची पट्टी असते आणि तिथला कर्मचारी ऐकत नाही; त्याने ऐकूही नये, कारण सुरक्षा दांडी त्या मापाच्या शरीरासाठीच बनवलेली असते. अशा मुलाला नेमके कोणत्या राइडमध्ये बसता येणार नाही हे घरीच सांगून ठेवले, म्हणजे तिथे रडारड होत नाही.

घरचे आजी-आजोबा सोबत असतील तर रामोजीला प्राधान्य द्यावे. ते मुळात चित्रनगरी आहे. दिवसाचा मोठा भाग बसमधून फिरणे, सेट पाहणे आणि कार्यक्रमांना बसणे यात जातो, राइड थोड्याच आहेत. वंडरलात राइड हेच मुख्य आकर्षण आहे. हृदयविकार, उच्च रक्तदाब, पाठीचे दुखणे किंवा गर्भारपण असलेल्यांना तिथल्या बहुतेक मोठ्या राइड वर्ज्य असल्याने त्यांनी पूर्ण तिकिटाचे पैसे कशासाठी भरायचे, हा प्रश्न घरीच विचारून घ्यावा.

तपासा: दोन्ही ठिकाणे एकाच दिवसात बसवण्याचा बेत कुणी मांडला असेल तर तो इथेच खोडून टाका.

## टप्पा २: तारीख, म्हणजे तेलंगणाच्या शाळांची दिनदर्शिका

वहीच्या एका पानावर दोन रकाने आखावेत. डावीकडे आपल्या मुलांच्या शाळेच्या सुट्या, उजवीकडे तेलंगणाच्या सुट्या. डावा रकाना भरलेला आणि उजवा रिकामा असे जे दिवस दिसतील, तेच आपल्या कामाचे.

जूनचा मधला आठवडा. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. २०२५ मध्ये इतरत्र १६ जूनला शाळा सुरू झाल्या, विदर्भात २३ जूनला. तेलंगणात अलीकडच्या वर्षांत शाळा १२ जूनच्या सुमारास उघडत आल्या आहेत. म्हणजे १२ जूनपासून आपल्या शाळा उघडेपर्यंत आपली मुले मोकळी असतात आणि हैदराबादची मुले वर्गात. माझ्या मते वर्षभरात याहून चांगला काळ नाही, आणि तरीही बहुतेक लोक मे महिन्याच्या मध्याला, ऐन उन्हात आणि ऐन गर्दीत जातात. मात्र आपली शाळा केंद्रीय मंडळाची किंवा खासगी असेल तर तिचे परिपत्रक आल्याशिवाय ही तारीख पक्की धरू नये. काही शाळा आपल्या सोयीने आधी उघडतात.

दिवाळीनंतरचे दिवस. आपल्याकडे दिवाळीची सुटी लांबलचक असते. तेलंगणात दिवाळीला मोजकीच सुटी मिळते, कारण तिथली मोठी सुटी बतुकम्मा (तिथला फुलांचा सण) आणि दसऱ्याला सुमारे दोन आठवड्यांची होऊन गेलेली असते. त्यामुळे भाऊबीज आटोपली की पुढच्या सोमवार ते गुरुवार हे दिवस तिथे कामकाजाचे असतात. गुजरात आणि महाराष्ट्राचे पर्यटक या दिवसांत हैदराबादला येतात हे खरे, पण ते चारमिनार आणि रामोजीकडे अधिक वळतात. वंडरलात त्यांचा भार तेवढा जाणवत नाही.

पोळ्याची सुटी. पोळा, तान्हा पोळा आणि मारबत हे दिवस नागपूरचे. हैदराबादला ते साधे वार असतात. सुटी छोटी आणि पावसाची असल्याने एकाच पार्कचा बेत करणाऱ्यांनीच हा पर्याय घ्यावा.

टाळायचे दिवस थोडक्यात असे: दसऱ्याच्या आधीचे दोन आठवडे, नाताळ ते १ जानेवारी, जानेवारीच्या मध्यातली संक्रांतीची सुटी आणि वर्षभरातले सगळे शनिवार-रविवार. रामोजीत डिसेंबरच्या मध्यापासून हिवाळी महोत्सव असतो. रोषणाई सुंदर असते, पण तिच्यासाठी गर्दी आणि चढे दर दोन्ही स्वीकारावे लागतात.

वारांची मांडणी अशी बसते: रविवारी सकाळी नागपूर सोडायचे, सोमवारी रामोजी, मंगळवारी शहरात निवांत फेरफटका, बुधवारी वंडरला, गुरुवारी दुपारी परत. सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद असते, त्यामुळे मधल्या मंगळवारी तेही पाहून होते. हा मधला दिवस वाया गेला असे वाटून काही जण तो काढून टाकतात आणि मग दुसऱ्या पार्कमध्ये दुपारनंतर मुलांना उचलून फिरतात.

सावधान: आपल्या पंचांगात सुटी दिसत नाही म्हणून दिवस मोकळा समजू नका. २ जूनचा तेलंगणा स्थापना दिन आणि बोनालु (तिथला देवीचा सण) या तिथल्या सुट्या नागपूरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात ठळक छापलेल्या नसतात.

## टप्पा ३: हवामानाशी तारीख ताडून पाहणे

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नागपूर सोडून हैदराबादला गेले म्हणजे गारवा मिळेल, अशी समजूत आहे. हैदराबाद थोडे उंचावर असल्याने पारा दोन-चार अंशांनी कमी असतो, पण चाळीस अंशांच्या आसपासच्या उन्हात रामोजीच्या उघड्या बसमधून फिरणे किंवा राइडच्या रांगेत उभे राहणे यात सुटका कसली? एप्रिल-मे अटळच असेल तर पाण्याच्या राइड असलेले वंडरला घ्यावे आणि रामोजी थंडीसाठी राखून ठेवावे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हैदराबादला मोसमी पाऊस पोहोचतो. सुरुवातीच्या सरी बहुधा दुपारनंतर किंवा संध्याकाळी येतात आणि सकाळचे तास हाती लागतात. जुलै ते सप्टेंबर मात्र पावसाची झड लागण्याचा धोका राहतो. डिसेंबर-जानेवारीत रामोजी उत्तम. वंडरलाचे पाणी त्या दिवसांत लहान मुलांना गारठवते आणि तासाभरात ओठ निळे पडलेले मूल बाहेर काढावे लागते.

निघण्याच्या पाच दिवस आधी भारतीय हवामान विभागाचा हैदराबादचा अंदाज पाहावा. अंदाजात मेघगर्जनेचा इशारा असलेला दिवस वंडरलाला देऊ नये. सोमवार-बुधवारची अदलाबदल करण्याची मुभा राहावी म्हणून पार्कची तिकिटे तोवर घेतलेली नसावीत.

## टप्पा ४: रेल्वे तिकीट

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण साठ दिवस आधी खुले होते आणि प्रवासाचा दिवस त्यात धरला जात नाही. दिवाळीनंतरच्या तारखांसाठी हे साठ दिवस मोजून तो दिनांक लिहून ठेवावा आणि त्या सकाळी आठ वाजता तयार असावे. आयआरसीटीसीचे खाते आधी आधारशी जोडून घ्यावे. १ ऑक्टोबर २०२५ पासून आरक्षण खुले झाल्यानंतरची पहिली पंधरा मिनिटे आधार पडताळणी झालेल्या खात्यांसाठीच राखीव झाली होती, आणि पुढे हा राखीव वेळ वाढवण्यात आला. तत्काळवर भिस्त ठेवून चार-पाच जणांचे कुटुंब घेऊन जाणे, तेही सुटीत, मला शहाणपणाचे वाटत नाही.

गाडी निवडताना भाड्याबरोबर खोलीचाही विचार करावा. नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत पहाटे निघून सेवाग्राम, चंद्रपूर, बल्लारशाह, काझीपेट असे करत दुपारच्या सुमारास पोहोचते आणि परतीला सिकंदराबादहून दुपारी सुटते. हॉटेलात प्रवेशाची वेळ दुपारी बारा ते दोन आणि खोली सोडण्याची वेळ सकाळी अकरा-बारा असते, म्हणजे दोन्हीकडे वेळ तंतोतंत जुळते. रात्रीच्या गाडीचे भाडे कमी दिसते, पण ती भल्या सकाळी उतरवते. मग एक तर लवकर प्रवेशाचे जादा पैसे भरावे लागतात, नाही तर आंघोळ न झालेली मुले आणि चार बॅगा घेऊन दुपारपर्यंत ताटकळावे लागते. वंदे भारत आठवड्यातून एक दिवस नसते, तेवढा वार पाहून घ्यावा.

तपासा: पाच ते बारा वर्षांच्या मुलांना शयनयान डब्यात स्वतंत्र बर्थ न घेता अर्ध्या भाड्यात नेता येते, वंदे भारतसारख्या खुर्चीच्या डब्यात ही सवलत चालत नाही, पूर्ण भाडे लागते. दोन मुले असतील तर हिशेब यावरून फिरू शकतो.

## टप्पा ५: खोली

तिकीट पक्के झाल्यावरच खोली घ्यावी. सुटीच्या तारखांना खोल्या संपतील अशी धास्ती असेल, तर विनाशुल्क रद्द करता येणारी खोली आधी धरून ठेवावी, मात्र रद्द करण्याची शेवटची तारीख मोबाइलच्या गजरात टाकून. 'परतावा नाही' असे लिहिलेला स्वस्त दर हाच बहुतेक भुर्दंडांचा उगम असतो.

कुठे राहायचे. रामोजी शहराच्या पूर्वेला विजयवाडा महामार्गावर हयातनगरच्या पुढे आहे आणि वंडरला आग्नेयेला रावीरयालजवळ, बाह्यवळण मार्गाच्या १३ क्रमांकाच्या निर्गमावर. दोन्हींना सोयीचा भाग म्हणजे एल. बी. नगर आणि वनस्थलीपुरम. असे असूनही लोक हायटेक सिटी किंवा गच्चीबावलीत खोल्या घेतात, कारण छायाचित्रांत तिथली हॉटेले चकचकीत दिसतात. तो भाग शहराच्या पश्चिम टोकाला आहे. तिथल्या हॉटेलांचे गिऱ्हाईक मुख्यतः कंपन्यांचे, त्यामुळे सोमवार ते गुरुवार, म्हणजे नेमके आपल्या दिवसांत, तिथले दर चढलेले असतात.

हिशेब कसा करायचा. नुसता खोलीचा दर पाहू नये. खोली, पार्कपर्यंतचे येणे-जाणे, नाश्ता आणि जादा गादी यांची एकत्र बेरीज करावी. समजा, स्टेशनजवळची खोली २,४०० रुपयांना आहे आणि पार्कला जाण्या-येण्याच्या गाडीला २,००० लागतात, तर दिवसाचे ४,४०० झाले. एल. बी. नगरची खोली २,९०० ची असून गाडीला १,१०० लागत असतील, तर ४,००० झाले. स्वस्त दिसणारी खोली चारशेने महाग पडली, आणि प्रवासात गेलेला तास-दीड तास वेगळाच. ही रक्कम उदाहरणादाखल आहे. आपल्या तारखांचे खरे आकडे घालून हीच बेरीज कागदावर करावी.

कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. ७,४०० ची खोली करासह ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. मूळ दरात दोनशेचा फरक, बिलात जवळजवळ बाराशेचा. रामोजीच्या आवारातल्या सितारा किंवा तारामध्ये राहण्याचा विचार असेल तर ही सीमारेषा लक्षात ठेवावी. आवारात राहण्याने सकाळची धावपळ वाचते, पण दुसऱ्या पार्कसाठी तो मुक्काम उपयोगाचा नाही. म्हणून एकच रात्र तिथे आणि बाकी बाहेर, असे करण्यापेक्षा सामानाची बांधाबांध वाचवणे बरे.

मुलांची वये. आरक्षण करताना मुलांची खरी वये भरावीत. 'दोन मोठे' एवढेच भरून दर कमी दिसतो, पण स्वागतकक्षात बारा वर्षांपुढच्या मुलाचे पैसे मोठ्या माणसाप्रमाणे लावले जातात आणि तिथे घासाघीस चालत नाही. पैसे भरण्यापूर्वी हॉटेलात थेट फोन करून एवढे तीन प्रश्न विचारावेत: या वयाची मुले त्याच खोलीत चालतील का, जादा गादीचे किती, नाश्ता सगळ्यांना धरला आहे का.

## टप्पा ६: पार्कची तिकिटे

हवामानाचा अंदाज पाहून झाला की तिकिटे पार्कच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावीत. दर दिवसानुसार बदलतात, म्हणून मित्राने गेल्या महिन्यात भरलेला आकडा गृहीत धरू नये. दाखवलेल्या रकमेत कर धरला आहे का आणि तारीख बदलता येते का, हे पैसे भरण्याआधीच्या पानावर वाचावे.

रांग टाळण्याचे जलद तिकीट बरेच महाग असते. आपण टप्पा २ प्रमाणे मधला वार निवडला असेल तर ते घेऊ नये. नाइलाजाने डिसेंबरच्या शनिवारी जावे लागत असेल तरच ते पैसे वसूल होतात.

## टप्पा ७: पिशवीत काय

पाण्याच्या राइडमध्ये सुती कपडे चालत नाहीत. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा पोहण्याचा पोशाख लागतो. इथे आयांची फसगत होते, कारण मुलांचे साधे टी-शर्ट आणि बर्म्युडा बघायला तसेच दिसतात. मानेच्या आतल्या बाजूची पट्टी वाचावी. 'कॉटन' लिहिले असेल तर तो कपडा बाजूला ठेवावा. हे पोशाख पार्कमध्येही मिळतात, पण तिथल्या भावात. निघण्याआधी सीताबर्डीवर एक चक्कर मारली की चौघांची सोय होते.

बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत. चिवड्याचा डबा, संत्री, तिखट-मिठाच्या पुऱ्या हे सगळे रेल्वेपुरते ठेवावे. पिशव्या दारावर उघडून पाहिल्या जातात. तान्ह्या बाळाचे खाणे आणि औषधे यांना अडवत नाहीत, औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी असू द्यावी. चष्म्याला मागून दोरी, मोबाइलला पाणी न शिरणारी पिशवी, कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि ओले कपडे भरायला दोन जाड पिशव्या, एवढे पुरते. दागिने नागपुरातच राहू द्यावेत.

## टप्पा ८: पार्कमधला क्रम

दार उघडण्याच्या अर्धा तास आधी पोहोचावे. आत शिरल्यावर बहुतेक कुटुंबे पहिल्याच चौकात छायाचित्रे काढत आणि लहान पाळण्यांपाशी रेंगाळत अर्धा-पाऊण तास घालवतात. तेवढ्यात मोठ्या रोलर कोस्टरची रांग भरते. वंडरलात आधी सरळ सर्वांत लांबच्या, मोठ्या कोरड्या राइडकडे जावे आणि दारापासच्या राइड परतताना घ्याव्यात. पाण्याच्या राइड बहुधा दुपारच्या सुमारास सुरू होतात आणि पार्क बंद होण्याच्या बऱ्याच आधी थांबतात. त्यांची वेळ दारावरच्या फलकावर वाचून दिवस तिच्याभोवती बसवावा. एकदा भिजल्यावर पुन्हा कोरड्या राइडकडे जाण्याचा बेत फसतो, कारण कपडे बदलण्याच्या खोलीची रांग राइडच्या रांगेइतकीच लांब असते.

जेवण साडेअकराला किंवा अडीचला घ्यावे, एक वाजता नव्हे. भरपेट जेवून लगेच गोल फिरणाऱ्या राइडमध्ये मुलांना बसवू नये. त्याचे परिणाम पुढच्या रांगेतल्या लोकांनाही भोगावे लागतात.

रामोजीत वेळेचे बंधन आणखी कडक आहे. सकाळचा पहिला कार्यक्रम आणि बसफेरी चुकली की पुढचे सगळे मागे पडत जाते. तिथे नऊच्या आत दारावर असावे आणि आत गेल्याबरोबर कार्यक्रमांच्या वेळांच्या फलकाचे छायाचित्र काढून घ्यावे.

सावधान: परतीची गाडी सकाळीच ठरवून ठेवा. पार्क बंद होताना सगळे जण एकदम टॅक्सी मागवतात, गाड्या कमी पडतात आणि भाडे चढते. ज्या गाडीने आलात तिलाच परतीची वेळ देऊन ठेवणे किंवा तेलंगणा परिवहनच्या बसची वेळ विचारून ठेवणे, दोन्ही चालते.

## टप्पा ९: विजा कडाडल्या तर

विजा चमकू लागल्या की उंच आणि उघड्या राइड बंद केल्या जातात, आणि पावसासाठी पैसे परत मिळतील असे धरून चालू नये. अशा वेळी गर्दी उपाहारगृहांकडे धावते. आपण बंदिस्त राइड आणि सभागृहातले कार्यक्रम आधीच कागदावर लिहून ठेवले असतील तर तिकडे वळावे. सर ओसरल्यावर राइड तपासणीनंतर एकेक करून सुरू होतात, त्यामुळे कर्मचाऱ्याला विचारून पहिली कोणती सुरू होणार तिच्यापाशी थांबावे. बरीच कुटुंबे तोवर कंटाळून परतीच्या वाटेला लागलेली असतात.